अवतरण आणि प्रमाण : प्रबंधलेखनातील एका दुर्लक्षित जबाबदारीविषयी

वारकरी कीर्तनात निरूपणाच्या ओघात कीर्तनकार एखादा अभंग किंवा ओवी म्हणतो, तेव्हा त्या वचनास 'प्रमाण' म्हणतात. हा शब्द अत्यंत अर्थपूर्ण आहे. निरूपण हे निरूपणकाराचे; प्रमाण मात्र दुसऱ्याचे, आणि ते दुसऱ्याचे असल्यामुळेच त्याला प्रमाणत्व येते. कीर्तनकाराने ते वचन मुखोद्गत म्हटले तरी बिघडत नाही, कारण समोरच्या श्रोत्यांपैकी कित्येकांना तेच वचन पाठ असते. एखादा शब्द चुकला तर टाळकऱ्यांच्या मुखातून तो तत्क्षणी दुरुस्त होऊन येतो. वचन, वक्ता आणि श्रोता यांचा असा जिवंत संबंध जेथे आहे, तेथे स्मरण हीच पोथी आणि श्रोतृसमुदाय हाच संशोधक असतो.

विद्यापीठीय प्रबंधाची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. प्रबंधाचा वाचक एकटा असतो. उद्धृत केलेला ग्रंथ बहुधा त्याच्या हाताशी नसतो. आणि अवतरणचिन्हांच्या आत जे छापले आहे ते मूळ ग्रंथात तसेच आहे, या विश्वासावरच त्याला पुढे जावे लागते. असे असूनही मराठीतील प्रबंधांत अवतरणाकडे पाहण्याची दृष्टी कीर्तनाच्या मांडवातून फारशी बाहेर पडलेली नाही. वचन आठवले तसे दिले जाते, दुसऱ्याच्या ग्रंथातून उचलून पहिल्याच्या नावावर घातले जाते, आणि ज्या आवृत्तीतून ते घेतले तिचा उल्लेख करण्याची गरज भासत नाही. हा दोष केवळ टापटिपीचा आहे असे मानण्याची प्रथा आहे. तो वस्तुतः पुराव्याचा दोष आहे, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

१

अवतरणचिन्हे ही मराठीला मुद्रणाबरोबर मिळाली. मराठी गद्यात विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. पण परवचनाची मर्यादा दाखविण्याची निकड त्यापूर्वीच्या ग्रंथकारांना वाटत नव्हती, असे मात्र नाही. संस्कृत शास्त्रग्रंथांत 'इति' या एका अव्ययाने परवचन कोठे संपले हे सांगितले जाते. आणि प्रतिपक्षाचे मत खोडण्यापूर्वी ते पूर्वपक्ष म्हणून यथायोग्य मांडावयाचे, हा तर शास्त्रचर्चेचा पायाच होता.

मराठीच्या आरंभकाळातील एक उदाहरण या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'त चक्रधरांची वचने त्या त्या प्रसंगांच्या कथनात गुंफलेली आहेत. त्यांतून केवळ वचने वेचून काढून केशिराजबासांनी 'सूत्रपाठ' सिद्ध केला. सूत्रे पाठ करण्यास सुलभ झाली. परंतु प्रसंगापासून सुटलेले वचन अनेकार्थी होते, ही अडचण त्याबरोबरच उभी राहिली. ते कोणास उद्देशून उच्चारले, कोणत्या प्रश्नाचे ते उत्तर होते, ते विधिरूप होते की एका व्यक्तीपुरते होते, हे सूत्रावरून कळेना. तेव्हा महानुभावांच्या भाष्यपरंपरेत 'प्रकरणवश' हा रचनाप्रकार निर्माण झाला. प्रत्येक सूत्र कोणत्या प्रकरणी आले हे सांगणे हे त्याचे कार्य. वचन संदर्भापासून तोडल्यास त्याचा संदर्भ पुन्हा जोडून द्यावा लागतो, हे तत्त्व एका पंथाने आपल्या श्रद्धेच्या गरजेपोटी ओळखले होते. आजच्या संशोधकाने ते आपल्या शास्त्राच्या गरजेपोटी ओळखू नये, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे.

दुसरे उदाहरण एकनाथांचे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ च्या सुमारास, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. आणि तिच्या अखेरीस, या पाठात जो स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखे होईल, अशा आशयाचा इशारा दिला. येथे आशय दिला आहे, शब्द दिलेले नाहीत, आणि म्हणून अवतरणचिन्हेही दिलेली नाहीत. हा साधा विवेक पाळला गेला तरी प्रबंधांतील निम्मे दोष नाहीसे होतील. एकनाथांसारख्या समर्थ कवीला ज्या ठिकाणी स्वतःचा शब्द घालण्याचा संकोच वाटला, त्या ठिकाणी पदव्युत्तर विद्यार्थ्याने निःसंकोच असू नये.

२

अवतरण देणाऱ्यापुढील पहिला प्रश्न 'शब्द बरोबर उतरले आहेत काय?' हा नसून 'ते कोठून उतरले आहेत?' हा होय. 'ज्ञानेश्वरीत म्हटले आहे' हे विधान जितके निःशंक वाटते तितके ते नाही. एकनाथांच्या शुद्धीकरणानंतरची परंपरा एक. आणि विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी आपल्याला सापडलेल्या पोथीवरून १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेला पाठ दुसरा. राजवाडे यांनी आपली पोथी एकनाथपूर्व मानली आणि तिच्या आधाराने ज्ञानेश्वरीचे व्याकरण लिहिले. तिच्या प्राचीनत्वाविषयी पुढे मतभेद झाले. या दोन पाठांत शब्दरूपे भिन्न आहेत, काही ठिकाणी ओव्यांची संख्याही भिन्न आहे, आणि त्यामुळे अध्याय व ओवी यांचे क्रमांक एका आवृत्तीवरून दुसऱ्या आवृत्तीत जुळत नाहीत. अशा स्थितीत आवृत्तीचे नाव न देता दिलेला ओवीक्रमांक हा पत्ता नसून पत्त्याचा आभास होय. त्यातही, यादवकालीन मराठीतील एखाद्या प्रत्ययाविषयी विधान करणाऱ्याने त्याचे उदाहरण प्रचलित पाठाच्या आवृत्तीतून घेतले, तर तेराव्या शतकातील भाषेचा पुरावा म्हणून तो कदाचित सोळाव्या शतकातील किंवा त्याहूनही अलीकडील रूप पुढे करीत असेल.

हा धोका काल्पनिक नाही. १८९८-९९ च्या सुमारास भारदे यांनी 'भारद्वाज' या नावाने 'सुधारक' पत्रातून ज्ञानेश्वरीकार ज्ञानदेव आणि अभंगकार ज्ञानदेव हे भिन्न असल्याचे मत मांडले. त्या वादात दोहोंच्या भाषेतील अंतर हा एक मुद्दा होता. तो मुद्दा ग्राह्य की अग्राह्य हा येथील विषय नव्हे. पण त्याचा निर्णय करू पाहणाऱ्याने एका बाजूस लेखी परंपरेतून आलेली ओवी आणि दुसऱ्या बाजूस शतकानुशतके गाइल्या गेलेल्या, म्हणजेच गाणाऱ्याच्या मुखात घडत आलेल्या अभंगाचा छापील पाठ ठेवून शब्दाशी शब्द ताडून पाहिला, तर त्याला दिसणारे अंतर दोन कवींमधील आहे की दोन पाठपरंपरांमधील आहे, हे कसे ठरणार? प्रत्येक अवतरणाबरोबर त्याचे मूळ दिलेले असेल तर निदान वाचकाला हा प्रश्न विचारता येतो. ते दिलेले नसेल तर प्रश्नच दडून राहतो.

तुकारामांच्या बाबतीत अडचण याहून मोठी. शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखाली विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी सिद्ध केलेली, इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ व १८७३ मध्ये दोन भागांत निघालेली गाथा साडेचार हजारांच्या आसपास अभंगांची आहे, तुकाराम तात्या पडवळ यांनी प्रसिद्ध केलेल्या गाथेत आठ हजारांहून अधिक अभंग आहेत, आणि वि. ल. भावे यांनी संताजी जगनाडे यांच्या वहीवरून १९१९-२० मध्ये छापलेल्या गाथेचे स्वरूप या दोहोंपेक्षा निराळे आहे. नाममुद्रा ही स्वामित्वाची खूण असली तरी ती कोणालाही आपल्या रचनेच्या शेवटी जोडता येत होती. तेव्हा तुकारामांच्या सामाजिक विचारांवर प्रबंध लिहिणाऱ्याने एखाद्या अभंगावर आपल्या सिद्धांताची इमारत उभी केली असेल, तर तो अभंग कोणत्या गाथेत आहे आणि कोणत्या गाथेत नाही, हे सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. सिद्धांताला सोयीचा अभंग मोठ्या गाथेतून घ्यावयाचा आणि गैरसोयीचा अभंग प्रक्षिप्त म्हणून वगळावयाचा, ही रीत तर सर्वथा त्याज्य होय.

पाठाविषयीचा संशय प्रामाणिकपणे कसा व्यक्त करावा, याचा आदर्श पुण्यातच उपलब्ध आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभिलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य १९६६ मध्ये पूर्ण झाले. १,२५९ हस्तलिखितांचा त्यासाठी उपयोग करण्यात आला. वि. सी. सुकथनकर यांनी घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे या आवृत्तीत जेथे पाठ निश्चित नाही तेथे अक्षरांखाली नागमोडी रेषा छापलेली आहे. संपादकाचा संशय अशा रीतीने डोळ्यांना दिसतो. परंतु हाच श्लोक प्रबंधात उतरतो तेव्हा ती रेषा गळून पडते, आणि संपादकाने साशंकपणे स्वीकारलेला शब्द निश्चित म्हणून वाचकापुढे येतो. शब्द एकही बदललेला नसताना अवतरण चुकीचे झालेले असते. याच आवृत्तीविषयी आणखी एक प्रमाद संभवतो. व्यासांनी सांगावे आणि गणेशाने लिहावे ही सर्वपरिचित कथा आदिपर्वाच्या मान्य संहितेत नाही. तिला परिशिष्टात स्थान दिलेले आहे. ती कथा उद्धृत करून खाली चिकित्सक आवृत्तीचा मोघम निर्देश करणारा लेखक, संपादकांनी जे बाहेर ठेवले तेच त्यांच्या नावे आत आणीत असतो.

३

ऐतिहासिक कागदपत्रांच्या अवतरणात प्रश्नाचे स्वरूप पुन्हा बदलते. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. तेव्हापासून मोडी कागद बाळबोधीत उतरवून छापण्याचे प्रचंड कार्य महाराष्ट्रात झाले. या छापील पत्रांतून उतारे देताना आपण मूळ कागद उद्धृत करीत आहोत असे अभ्यासक समजतो. मोडीत शब्द तोडून लिहिण्याची पद्धत नाही, विरामचिन्हे नाहीत, इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद सामान्यतः पाळला जात नाही, आणि संक्षेप तर पावलोपावली आढळतात. 'रा' या अक्षरापुढील संक्षेपचिन्ह 'राजश्री'चे की 'रवाना'चे, हे वाचणाराने संदर्भावरून ठरवावयाचे असते. म्हणजे छापलेले बाळबोध पत्र हे मूळ पत्राचे एक वाचन असते. त्यातील शब्दतोड हा निर्णय असतो, पूर्णविराम हा निर्णय असतो, आणि सुहूर सनाचे इसवी सनात केलेले रूपांतर हाही निर्णय असतो. यास्तव अशा उताऱ्याखाली वाचन कोणाचे हे नमूद असावे. आणि निष्कर्ष एखाद्याच शब्दावर अवलंबून असेल तर मूळ कागद पाहिला आहे किंवा नाही, हेही सांगितलेले असावे.

लेखनपद्धतीचा प्रश्न यालाच जोडून येतो. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनविषयक नियम शासनमान्य झाले आणि व्युत्पत्तिसिद्ध पण अनुच्चारित अनुस्वार लोपले. महामंडळाच्या नियमांत केशवसुतांपूर्वीचे पद्य व विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मुळाबरहुकूम छापावे आणि त्यानंतरचे, या दोघांच्या लेखनासह, नव्या नियमांप्रमाणे छापावे, अशी तरतूद आहे. सर्वसामान्य वाचकासाठी निघणाऱ्या आवृत्त्यांच्या दृष्टीने ही तरतूद सोयीची आहे यात शंका नाही. संशोधनाला मात्र ती पुरेशी नाही. जुन्या लेखनात 'तें' हे नपुंसकलिंगी एकवचन आणि 'ते' हे पुल्लिंगी अनेकवचन अक्षरांवरूनच वेगळे दिसते; 'केलें' आणि 'केले' यांतही तोच भेद आहे. अनुस्वार काढून टाकल्यावर हा भेद वाचकाने वाक्यावरून ओळखावयाचा उरतो, आणि वाक्य अर्धेच उद्धृत केलेले असेल तर तो ओळखणे अशक्य होते. १८७४ मध्ये सुरू झालेल्या 'निबंधमाले'तील एखादा उतारा नव्या लेखनात देणे गैर नाही. परंतु लेखन बदलले आहे हे एकदा स्पष्ट सांगितले पाहिजे, आणि चिपळूणकरांच्या गद्यशैलीचीच चर्चा चालली असेल तर ते बदलता कामा नये. एकाच प्रबंधात काही उतारे जुन्या लेखनात आणि काही नव्या लेखनात, आणि तेही कोणत्याही धोरणाशिवाय असणे, ही आज सर्रास आढळणारी स्थिती सर्वांत वाईट होय. कारण तेथे अनुस्वार लेखकाचा, संपादकाचा की जुळारीचा, हे ठरविण्यास साधनच उरत नाही.

४

भाषांतरित अवतरणांनी एक निराळाच गोंधळ निर्माण केला आहे. न्यायमूर्ती रानडे यांचा मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील १९०० सालचा ग्रंथ इंग्रजीत आहे. त्यातील विधान मराठीत देऊन त्याभोवती अवतरणचिन्हे घालणारा अभ्यासक रानड्यांचे मत देतो, शब्द देत नाही. भाषांतर स्वतःचे असल्यास तसे सांगणे आणि दुसऱ्याचे असल्यास त्याचे नाव देणे एवढ्याने हा दोष टळतो. विवाद एखाद्या पारिभाषिक शब्दावर असेल, तर तो मूळ शब्द देवनागरीत देऊन त्याची चर्चा करणे अधिक योग्य.

परंतु मूळ न पाहता अवतरण घेण्याचा परिणाम किती दूरवर जातो, याचे ठळक उदाहरण मेकॉलेच्या नावावर फिरणाऱ्या एका परिच्छेदाचे आहे. हिंदुस्थानभर प्रवास करूनही आपल्याला येथे भिकारी वा चोर आढळला नाही, आणि या देशाचा सांस्कृतिक कणा मोडल्याखेरीज तो जिंकता येणार नाही, अशा अर्थाचे भाषण त्याने २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश पार्लमेंटात केले असे सांगितले जाते. त्या दिनांकाचे मेकॉलेचे शिक्षणविषयक टिपण प्रसिद्ध आहे, पण त्यात असा मजकूर नाही. शिवाय मेकॉले १८३४ मध्येच हिंदुस्थानात आलेला होता आणि त्या दिवशी गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलाचा सभासद म्हणून कलकत्त्यात होता. लंडनच्या पार्लमेंटात भाषण करणे त्याला शक्यच नव्हते. येथे हानी कोणाची होते याचा विचार केला पाहिजे. पौर्वात्य वाङ्मयाविषयी मेकॉलेची खरी मते त्याच्या अस्सल टिपणात पुरेशा अवहेलनेने मांडलेली आहेत, आणि त्यांवर कठोर टीका करण्यास भरपूर अवकाश आहे. बनावट परिच्छेदाचा आधार घेणारा टीकाकार तो अवकाश गमावतो. प्रतिपक्षाने अवतरण खोटे ठरविताच त्याची न्याय्य तक्रारही खोटी ठरल्यासारखी होते. सत्य पक्षाला असत्य साक्षीदार मिळण्यासारखे दुर्दैव नाही.

५

आता छाटणीविषयी. उताऱ्यातील भाग गाळल्यास लोपबिंदू द्यावेत, स्वतःचा शब्द घातल्यास तो चौकटी कंसात असावा, मुळातील चूक तशीच ठेवून 'मूळ तसेच' अशी नोंद करावी, ठळक टाइप स्वतःचा असल्यास तसे सांगावे, अवतरणातील अवतरणास एकेरी चिन्हे वापरावीत, दीर्घ उतारा समास सोडून स्वतंत्र छापावा आणि मग त्यास चिन्हे देऊ नयेत, हे संकेत बहुतेकांना ठाऊक आहेत. ते पाळूनही अन्याय करता येतो, हे मात्र पुरेसे ध्यानात घेतले जात नाही. ग्रंथकाराने पूर्वपक्ष म्हणून मांडलेले मत सिद्धांतपक्ष म्हणून उद्धृत करणे, 'परंतु'च्या अलीकडचे वाक्य घेऊन पलीकडचे सोडणे, नाटकातील पात्राचे बोलणे नाटककाराच्या माथी मारणे, हे सर्व प्रकार लोपबिंदूंच्या निर्दोष उपयोगासह घडत असतात. ज्ञानेश्वरीत हा प्रश्न विशेष नाजूक आहे. श्रीकृष्णाचे बोलणे, अर्जुनाचे बोलणे, संजयाचे निवेदन आणि ज्ञानदेवांचे स्वतःचे श्रोत्यांशी होणारे संभाषण यांच्या सीमा पोथीत चिन्हांनी आखलेल्या नाहीत. आधुनिक आवृत्तीतील अवतरणचिन्हे संपादकाने घातलेली आहेत. 'ज्ञानेश्वर म्हणतात' असे लिहिण्यापूर्वी ते कोणाच्या मुखाने म्हणतात, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

या आग्रहावर एक आक्षेप संभवतो. ही काटेकोर वृत्ती पाठसंशोधकाला शोभते. साहित्यसमीक्षकाचे कार्य रसग्रहणाचे असल्याने त्याने कृतीच्या आत्म्याकडे पाहावे, अक्षराकडे नव्हे, असे म्हटले जाईल. हा आक्षेप वरवर उदार दिसतो. पण रसग्रहण करणारा समीक्षक एखाद्या शब्दाच्या औचित्यावर, एखाद्या यमकाच्या अनपेक्षितपणावर किंवा चरणाच्या लयीवर बोट ठेवतो, तेव्हा त्याचे सर्व प्रतिपादन अक्षरावरच उभे असते. शब्द कवीचा नसून स्मरणदोषाने आलेला असेल, तर समीक्षकाने वाखाणलेले सौंदर्य त्याच्या स्वतःच्याच विस्मृतीतून निर्माण झालेले असते. पाठसंशोधकापेक्षा रसज्ञालाच अक्षराची गरज अधिक आहे, असे म्हणणे अतिशयोक्त होणार नाही.

उलट बाजूने एक इशाराही देणे आवश्यक आहे. अचूकपणाचा आग्रह म्हणजे अवतरणांच्या विपुलतेचा आग्रह नव्हे. पानोपानी उतारे जोडून त्यांच्या दरम्यान 'यावरून असे दिसते की' एवढेच शब्द लिहिणारा अभ्यासक साक्षीदारांची रांग उभी करतो, पण उलटतपासणी घेत नाही. जेथे ग्रंथकाराचा आशय पुरेसा आहे तेथे तो स्वतःच्या भाषेत सांगून स्थलनिर्देश करावा. जेथे त्याचे शब्दच विचाराधीन आहेत, जेथे त्याच्याशी मतभेद दर्शवावयाचा आहे, किंवा जेथे आशय सांगताना अर्थाला मुरड पडण्याची भीती आहे, तेथेच शब्दशः उतारा द्यावा. आणि तो दिल्यावर त्याला मुके सोडू नये. त्याने काय सिद्ध झाले आणि काय झाले नाही, हे लगेच सांगावे.

मार्गदर्शक आणि परीक्षक यांच्यावरील जबाबदारीही येथे येते. प्रबंधाच्या परीक्षणात निष्कर्षांची छाननी होते, ग्रंथसूचीची लांबी पाहिली जाते. पण दहा-वीस अवतरणे निवडून ती मूळ ग्रंथांशी ताडून पाहण्याचे काम क्वचितच होते. हे काम एका दुपारचे आहे. ते नियमाने होऊ लागेल तर विद्यार्थी ग्रंथालयात जाऊन मूळ ग्रंथ उघडू लागेल. आणि मूळ ग्रंथ उघडणाऱ्याला शेजारच्या पानावरील, आपल्या सिद्धांताच्या विरुद्ध जाणारे वाक्यही दिसू लागेल. अचूक अवतरणाचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे. मराठी संशोधनाने कीर्तनपरंपरेकडून 'प्रमाण' हा शब्द घेतलाच आहे. दुरुस्ती करणारे टाळकरी प्रबंधाच्या पाठीशी उभे नसतात; ती उणीव लेखकाने आपल्या सावधपणाने आणि परीक्षकाने आपल्या पडताळणीने भरून काढावयाची आहे.